तीनदा जेवणारी

आयुष्यात ती तीनदाच जेवते. अंड्यातून बाहेर पडल्यावर एकदा, कात टाकून जरा मोठी झाल्यावर एकदा, आणि पूर्ण वाढ झाल्यावर शेवटचं. मधले कित्येक महिने उपाशी. सह्याद्रीच्या रानात पाचोळ्याखाली, नाहीतर घोट्या-गुडघ्याच्या उंचीवरच्या पानाच्या टोकाला ती बसून असते आणि कुणीतरी जवळून जाण्याची वाट बघते. शास्त्रज्ञ तिला हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा म्हणतात. आपल्या लेखी ती गोचीड.

गोचीड म्हटलं की डोळ्यांपुढे गोठा येतो. गाईच्या कानात, गळ्याच्या पोळीत, आचळांच्या कडेला टम्म फुगून बसलेली, संध्याकाळी कुणीतरी बोटांनी ओढून काढलेली. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तिचा दाखला आहे तोही दुधाच्या इतक्या जवळ राहून रक्तच पिणारी म्हणून. पण गोठ्यातली आणि रानातली यांत एक मोठा फरक आहे. आपल्या गुरांवर सर्रास दिसणारी जात एकदा जनावरावर चढली की तिथेच पिते, तिथेच कात टाकते, तिथेच मोठी होते. रानातली ही मात्र प्रत्येक जेवणानंतर खाली उतरते, पाचोळ्यात शिरते, कात टाकते आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच कुणाला तरी धरते. तीन जेवणं, तीन यजमान. पहिल्या यजमानाच्या रक्तातला विषाणू तिच्या पोटात राहिला, तर तो कात टाकल्यावरही टिकतो आणि दुसऱ्याच्या रक्तात उतरतो. कर्नाटकात, आणि गेल्या दहा वर्षांत गोव्याच्या सत्तरीत व आपल्या दोडामार्गात, माणसं ज्या तापाने फणफणली त्या तापाचं मूळ तिच्या या सवयीत आहे.

तिला डोळे नाहीत. पुढच्या दोन पायांच्या टोकाशी बारीक खळगे असतात, त्यांना हॅलरचं इंद्रिय म्हणतात. श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास हे सगळं तिला त्या खळग्यांतून कळतं. पानाच्या टोकावर ती मागच्या पायांनी घट्ट धरून बसते आणि पुढचे पाय हवेत पसरते. तिला उडता येत नाही. उडीही मारता येत नाही. झाडावरून ती कुणाच्या अंगावर पडत नाही, जे घासून जाईल त्यालाच धरते. धरल्यावर कातडीतला मऊ भाग शोधते, तोंड आत रुतवते, आणि लाळेतून अशी द्रव्यं सोडते की रक्त गोठत नाही आणि चावल्याचं कळतही नाही. मग काही दिवस तिथेच. डास चावला तर हात आपोआप जातो. ही चावते तेव्हा आपण काम करत राहतो.

तिचं वर्ष पावसाबरोबर चालतं. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या माद्या गुरांवर, रानातल्या मोठ्या प्राण्यांवर शेवटचं जेवण घेतात, ओल्या पाचोळ्यात गळून पडतात, हजारोंनी अंडी घालतात आणि मरतात. पाऊस सरता सरता सहा पायांची, नजरेलाही न सापडणारी पिल्लं बाहेर येतात. त्यांचे थवेच्या थवे एकेका पानावर असतात. उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर चरणारा रानकोंबडा यांच्यावर त्यांचं पहिलं जेवण होतं. मग कात टाकून आठ पाय येतात. या मधल्या वयात ती तिळाएवढी असते, आणि माणसाला चावणारी बहुतेक करून हीच. हे वय साधारण नोव्हेंबरात सुरू होतं आणि मेपर्यंत चालतं. रानात माणसाची कामंही नेमकी त्याच दिवसांत निघतात. सुकं लाकूड, सुका पाला, काजू. भर पावसात जंगलात जाणारे कमी, उन्हाळ्यात जाणारे पुष्कळ.

मार्च १९५७. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या राखीव जंगलाच्या आसपास वानरं आणि माकडं मरून पडत असल्याची खबर पुण्याला पोचली. पुण्यात तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९५२ साली सुरू झालेलं हे केंद्र, म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. माकडं मरतायत आणि गावात माणसंही तापाने पडतायत, हे ऐकून तिथल्या डॉक्टरांच्या पोटात गोळा आला असणार, कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ याच खुणेने ओळखली जाते. पीतज्वर भारतात कधी आलेला नव्हता, पण तो पसरवणारा डास इथे घरोघर होता. केंद्राचे टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी जंगलात गेले, मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने आणले. विषाणू सापडला. पीतज्वराचा निघाला नाही. पण तो ज्या कुळाचा निघाला, त्याने सगळ्यांना आणखी बुचकळ्यात टाकलं. त्याचे जवळचे नातलग होते रशियात, सैबेरियाच्या गोचिडींमध्ये.

सैबेरियातून शिमोग्याला काय येतं? पक्षी येतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडी हा विषाणू घेऊन आल्या असतील, अशी शंका घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने स्थलांतरित पक्षी पकडून, त्यांच्या पायात कडी अडकवून सोडायचं मोठं काम हाती घेतलं. भारतातल्या पक्ष्यांच्या प्रवासाबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच या कामातून आलं, आणि त्याच्या मुळाशी एक गोचीड होती, ही गोष्ट मला फार आवडते. सैबेरियाचा धागा मात्र जुळला नाही. १९९०च्या दशकात सौदी अरेबियात एका खाटकाच्या रक्तात क्यासनूरच्या विषाणूचा अगदी सख्खा नातेवाईक सापडला, त्याला अलखुर्मा म्हणतात. म्हणजे हे घराणं जुनं आहे आणि दूरवर पसरलेलं आहे. १९५७ साली ते कुठून आलं असं विचारण्यापेक्षा त्या आधी ते रानात गुपचूप कसं राहिलं आणि मग अंगणापर्यंत का आलं, हे विचारणं जास्त कामाचं ठरलं.

त्या वर्षांत प्रयोगशाळेतल्या कितीतरी जणांनाही हा ताप आला. रानात गोचिडी गोळा करणारे, पुण्यात विषाणूवर काम करणारे. आज हा विषाणू सर्वांत कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत हाताळतात. तशी प्रयोगशाळा पुण्यात आहे. तेव्हा तसं काहीच नव्हतं, आणि तरीही काम थांबलं नाही. फडक्याचे तुकडे झुडपांवरून ओढत, त्यांना चिकटलेल्या गोचिडी मोजत, त्या माणसांनी तिचं आयुष्य महिन्यामहिन्याने लिहून काढलं. वर दिलेलं तिचं वेळापत्रक त्यांच्या पायपिटीतून आलेलं आहे.

माकडाची यात काय भूमिका? लोक या आजाराला माकडताप म्हणतात. माकड खरं तर त्यात सर्वांत जास्त भोगतं. विषाणू असलेली गोचीड चावली की काळतोंड्या वानराच्या आणि लालतोंड्या माकडाच्या रक्तात विषाणू भराभर वाढतो आणि पुष्कळदा ते मरतं. अंग थंड पडायला लागलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि त्या झाडाखाली पसरतात. या वेळी त्या विषाणूने भरलेल्या असतात. पुढे कात टाकतात आणि त्याच जागेवर पुढच्या यजमानाची वाट बघतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीची जागा धोक्याची, आणि म्हणूनच आरोग्य खातं माकड मेलेल्या जागेभोवती मॅलाथिऑनची भुकटी मारतं. माकडामुळे विषाणू वाढतो हे खरं. माणसाकडे त्याला आणते ती गोचीड. माणसापाशी मात्र त्याचा रस्ता संपतो, कारण हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. घरात आजारी माणसाला पाणी द्यायला कुणी घाबरू नये, एवढ्यासाठी हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

गुरांचं गणित वेगळं आहे. गाईम्हशींना हा ताप होत नाही, त्यांच्या रक्तात विषाणूही फारसा वाढत नाही. पण तिसरं जेवण, सर्वांत मोठं जेवण, त्या देतात. जॉर्ज बॉशेल या शास्त्रज्ञाने १९६९ साली हा धागा नीट मांडला. कर्नाटकातल्या मलनाडमध्ये माणसं वाढली, शेतीसाठी रान कापलं, गुरं जंगलाच्या आतपर्यंत चरायला जाऊ लागली. पूर्वी पूर्ण वाढलेल्या मादीला एखादा सांबर, एखादा गवा भेटेल तेव्हा जेवण मिळायचं. आता रोज संध्याकाळी शेकडो गुरं तिच्या पानाजवळून जाऊ लागली. अंडी घालणाऱ्या माद्या वाढल्या, त्यांची पिल्लं वाढली, आणि गुरांच्या वाटेने ती रानाच्या काठावर, गावाच्या कडेला आली. ती स्वतः कुठेही गेली नाही. काही पावलांपलीकडे तिला चालता येत नाही.

या साठ-सत्तर वर्षांच्या गोष्टीत हलणारे सगळे दुसरे आहेत, आणि तिला समजून घ्यायचं तर तिच्या बसण्याच्या जागेभोवती काय बदललं ते बघावं लागतं. १९८२-८३च्या हंगामात दक्षिण कन्नडातल्या बेळतंगडी भागात दाट रान तोडून तिथे काजू लावायचं काम चाललं होतं. तोडायला आलेले मजूर, मरणारी माकडं आणि तिचं मधलं वय एका जागी आलं. त्या हंगामात कर्नाटकात दीड हजारांवर रुग्ण झाले, सुमारे दीडशे माणसं गेली. इतकी मोठी साथ त्याआधी झाली नव्हती.

अलीकडच्या संशोधनात हीच गोष्ट नकाशावर उतरली आहे. भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ताप जास्त कुठे, तर जिथे ओलं सदाहरित रान आणि लागवड एकमेकांत मिसळलेली आहे आणि देशी गुरं जास्त आहेत तिथे. अखंड रानात नाही, उघड्या माळावर नाही. रानाचा तुकडा, त्याला लागून सुपारीची बाग, मग काजू, मग घर, पुन्हा रानाचा तुकडा. कोकणातल्या माणसाने हे वर्णन वाचलं तर त्याला स्वतःच्या वाडीचीच वाट दिसेल.

२०१२-१३पर्यंत हा आजार कर्नाटकाचा समजला जात होता. मग केरळात वायनाड, तमिळनाडूत निलगिरीच्या बाजूला, २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाळी गाव, आणि २०१६ साली सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका. पुढच्या वर्षी बांदा परिसर. पुण्याच्या संस्थेने १९५७ ते २०१७ या साठ वर्षांतले विषाणूंचे नमुने वाचले तेव्हा दिसलं की तो कर्नाटकातून शेजारच्या राज्यांत पश्चिम घाटाच्या अंगाने पसरत आला आहे. रोगाची बातमी वर्तमानपत्रात आली म्हणून तो त्या दिवशी आला असं धरू नये. तिच्या एकेका कात टाकण्याइतक्या सावकाश चालीने तो आला असावा.

गोव्यातल्या काजूच्या कामगारांना होणाऱ्या या तापावर २०१७ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि तो वाचताना काजूचं काम डोळ्यांपुढे उभं राहतं. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. बोंडं पिकून खाली गळतात. बायका, म्हातारी माणसं, शाळा सुटलेली मुलं झाडाखाली वाकून, बसून, पाचोळा हातांनी बाजूला सारत बोंडं वेचतात, बी पिळून वेगळी करतात. दिवसभर हात आणि पाय पाचोळ्यात. बोंडांची गोव्यात हुर्राक होते, फेणी होते. बी बाजारात जाते. वर्षातली रोख रक्कम या तीन-चार महिन्यांत घरात येते. त्याच दिवसांत कोकणात भाताचा दाढ, म्हणजे रोपांचा वाफा, भाजायला पातेरा गोळा करतात, डोक्यावर भारे घेऊन उतरतात. तिच्या दृष्टीने हे सगळे पानाजवळून गेलेले ऊबदार देह.

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांनी ताप चढतो, आणि अचानक चढतो. कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. आठवडा-पंधरवड्यात बहुतेकांचा ताप उतरतो. पण दहातल्या एखाद-दोघांना मधे आठ-पंधरा दिवस बरं वाटून पुन्हा ताप येतो, आणि या वेळी मेंदूवर परिणाम दिसतो. मान ताठते, हात थरथरतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. विषाणू मारणारं औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं, श्वास-नाडी सांभाळणं एवढंच हाती असतं, आणि ते वेळेवर झालं तर पुष्कळ जण वाचतात. वाचलेल्यालाही अंगात ताकद यायला महिना लागतो. काजूच्या हंगामात महिना म्हणजे वर्षाच्या रोख कमाईचा मोठा हिस्सा. मृत्यूचे आकडे सरकारी कागदावर येतात. हा हिस्सा कुठल्याही तक्त्यात येत नाही, आणि मला तो आजाराचाच भाग वाटतो.

लस होती. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस कर्नाटकात अनेक वर्षं दिली गेली. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा-नऊ महिन्यांनी एक वाढीव, मग दरवर्षी एक. टोचल्यावर हात चांगलाच दुखायचा, म्हणून दुसऱ्या मात्रेला माणसं येत नसत. २००५ ते २०१० या काळातल्या पाहणीत दोन मात्रांचं संरक्षण साधारण ६२ टक्के भरलं, वाढीव मात्रा घेतलेल्यांत ८३ टक्क्यांच्या आसपास. पण सगळ्या मात्रा घेणारे थोडेच होते. पुढे लसीचा जोर कमी पडतोय असं दिसत गेलं आणि २०२२ साली ती थांबवली. दरवर्षी सरासरी चारशे-पाचशे लोकांना होणारा, तोही डोंगरातल्या मजुरांना आणि लहान शेतकऱ्यांना होणारा आजार. त्याच्यासाठी सहा दशकांत याहून चांगली लस झाली नाही, याची मला मनापासून चीड येते. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनोलॉजिकल्स मिळून नवी लस तयार करतायत. ती लवकर यावी, आणि आली की आधी वाड्यांवर जावी.

तोवर तिच्यापासून दूर राहायचे उपाय साधे आहेत, कारण ती साधी आहे. रानात जाताना पाय-हात झाकणारे कपडे, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. उघड्या कातडीला गोचीड पळवणारं तेल. डेपा नावाचं असं तेल कर्नाटकात आरोग्य खातं वाटतं, ते आपल्याकडेही काजूच्या हंगामाआधी हातात पडलं पाहिजे. पाचोळ्यावर बसायचं नाही, आणि तो गोळा करून घराला लागून ढीग घालायचा नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि काखेत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी, कमरेच्या पट्ट्याखाली बोट फिरवून बघायचं. लहान मुलांचं घरातल्या मोठ्यांनी बघायचं. सापडली तर रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता, जवळही न जाता आशाताईंना नाहीतर वनरक्षकाला कळवावं.

आणि जानेवारी ते मे या दिवसांत ताप आला तर दवाखान्यात गेल्या गेल्या, नाव-गावाच्याही आधी, सांगावं की मी काजूत होते, रानात होतो. डेंग्यू आणि लेप्टोच्या तापात हा ताप सहज हरवतो. रक्ताचा नमुना पहिल्या काही दिवसांतच गेला तर विषाणू पीसीआर तपासणीत बहुधा सापडतो. उशीर झाला तर तो रक्तातून निघून जातो आणि मग प्रतिपिंडांवरून अंदाज बांधत बसावं लागतं.